आगोटीचे लिंपण

वसंतातल्या व्याख्यानांना आपण संध्याकाळी उघड्या मंडपात बसतो. वाऱ्याची एखादी झुळूक आली तर वक्त्याचा कंटाळवाणा मुद्दाही आपण सोसतो. पण आणखी पाच-सहा आठवड्यांनी हाच वारा पाणी घेऊन येईल, आणि घराच्या ज्या फटीतून तो आत शिरेल त्या फटीचा आपण उद्धार करू. फट तीच आणि वारा तोच, फरक फक्त ऋतूचा. या साध्या गोष्टीत आमच्या भागातील घरांचा बराचसा इतिहास साठविलेला आहे, आणि आज आम्ही त्याविषयीच बोलणार आहो. विषय लहान आहे. तहाच्या कलमांत आणि लढायांच्या वर्णनांत तो सापडायचा नाही. परंतु लढाई एखाद्या पिढीला बघावी लागते, गळके घर मात्र प्रत्येक पिढीला बघावे लागते.

आमचा भाग म्हणजे शिळफाट्याचा परिसर. मुंब्र्याजवळच्या शिळफाट्याशी याची नेहमी गल्लत होते, म्हणून सांगतो की आमचा शिळफाटा मुंबई-पुणे जुन्या रस्त्यावर खोपोलीच्या अंगाला आहे. पाठीशी बोरघाटाची भिंत, उत्तरेला कर्जतची भातखाचरे आणि त्यापलीकडे माथेरानचा डोंगर. समुद्रावरून येणारे ढग या भिंतीपाशी अडतात, वर चढतात आणि रिकामे होतात. कर्जत-खालापूर भागात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक, म्हणजे जुन्या मापाने सुमारे १२० इंच पाऊस पडतो. माथेरानच्या माथ्यावर तो २०० इंचांच्या घरात जातो. हे सगळे पाणी बारा महिन्यांत वाटून येत नाही, जवळजवळ सारे चार महिन्यांत येते. शिवाय ते सरळ वरून पडत नाही. नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर स्वार होऊन ते आडवे येते. या आडव्या पावसाला आपण झड म्हणतो. छप्पर कितीही चांगले असो, झडीला त्याचे काही वाटत नाही. ती भिंतीवर येते, दाराच्या फळ्यांमधून येते, कौलाच्या खालून वर चढते.

पावसाच्या आरंभाला कोकणात आगोट असा शब्द आहे. शहरातल्या तरुणांना तो आता परका वाटेल. आगोटीची बेगमी म्हटली की धान्य, मीठ, सुकी मासळी, तिखट आणि जळाऊ लाकूड एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. पण या बेगमीचा दुसरा अर्धा भाग घराच्या अंगावर करावयाचा असे. रोहिणी नक्षत्र लागले की कौले परतायची, फुटकी काढून नवी बसवायची, शाकारलेल्या छपरावर नवा पेंढा किंवा गवत चढवायचे, कुडाला लिंपण करायचे, आणि पावसाच्या बाजूला झडी बांधायच्या. येथे भाषेची एक गंमत पाहा. आडव्या पावसाला झड म्हणतात आणि तो अडविण्यासाठी पडवीला जे आडोसे बांधतात त्यांनाही झडीच म्हणतात. शत्रूचे आणि ढालीचे नाव एकच! समुद्रकाठी या झडी माडाच्या झापांच्या असत. आमच्याकडे माड थोडे, म्हणून सागाची व पळसाची पाने, गवत आणि पेंढा हेच कामास येई.

आता ज्या भिंतीच्या फटी बुजवायच्या ती भिंत कशी असे ते पाहू. वाड्यांची आणि सुखवस्तू घरांची गोष्ट निराळी. आमच्या भागातील ठाकरांचे, कातकऱ्यांचे आणि पुष्कळशा लहान कुणब्यांचे घर कुडाचे असे. लाकडी खांब रोवायचे, त्यांच्यामध्ये कारवीच्या काठ्या दाटीने उभ्या लावून आडव्या बंधांनी आवळायच्या आणि दोन्ही बाजूंनी माती-शेणाचा लेप द्यायचा. कारवी ही सह्याद्रीच्या उतारांवरची झुडपे. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलतात आणि फुलून झाली की वाळतात. डोंगर निळाजांभळा झाला म्हणजे शहरातले लोक आज छायाचित्रे काढावयास जातात. पूर्वी डोंगराखालचा माणूस त्या फुलांकडे पाहून, आता काठी भरपूर मिळेल असा हिशेब करीत असे.

लेपाची माती कशीही चालत नसे. फार चिकण असली तर वाळताना आकसते आणि तडकते, फार रेताड असली तर धरत नाही. म्हणून मातीत शेण मिसळायचे आणि भाताचे तूस किंवा बारीक केलेला पेंढा घालायचा. हे मिश्रण भिजवून काही दिवस मुरू द्यायचे आणि पायांनी तुडवायचे. शेणातील न पचलेल्या गवताचे तंतू आणि पेंढ्याचे तुकडे मातीचे कण एकमेकांशी बांधून ठेवतात, त्यामुळे मोठी चीर पडावयाची ती अनेक बारीक चिरांत वाटली जाते. पहिला थर वाळला की त्या बारीक चिरा दिसू लागतात. मग शेणकाल्याचा पातळ हात फिरवला की त्या भरून निघतात. हे काम बहुतेक घरांत बायकांचे असे. हाताच्या तळव्याने ओढलेल्या अर्धगोल रेषा भिंतीवर एकापुढे एक उमटत जात, आणि कोणत्या भिंतीवर सासूचा हात फिरला व कोणत्या भिंतीवर सुनेचा, हे जाणत्या बाईला बघताक्षणी कळे.

येथवर आम्ही जे सांगितले ते पुष्कळांना ठाऊक असेल. ज्याकडे सहसा लक्ष जात नाही ते असे की हे सारे बुजविणे मुळातच काढून टाकण्यासाठी केलेले असे. दसरा-दिवाळीला झडी सुटत. त्यांचा पाला कुजलेला असेल तर खताला जाई, काठ्या पुढल्या वर्षासाठी पोटमाळ्यावर जात. घराची बंद केलेली बाजू उघडी पडे, पडवीत ऊन येई आणि चार महिन्यांची ओल निघून जाई. सुटत आलेले लिंपण खरवडून काढीत. ती माती अंगणातच भिजवून पुन्हा भिंतीला लागे. चुलीच्या बाजूचा कूड वरच्या अंगाला अनेक घरांत लिंपीतच नसत, कारण धुराला वाट हवी. तो धूर छपरातून जाता जाता पेंढ्यातल्या किड्यांना पळवून लावी. म्हणजे कोणती फट बुजवायची, किती दिवस बुजवायची आणि कोणती फट मुळीच बुजवायची नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे घरातल्या माणसाला पाठ असत.

घरातले आणखी एक उदाहरण घेऊ. भाताची कणगी बांबूची किंवा कारवीची विणलेली. तिला आतून-बाहेरून शेणमातीने सारवीत, भात भरून झाला की तोंडही लिंपून बंद करीत. त्यामुळे ओल, उंदीर आणि कीड यांना मज्जाव होई. पण हे तोंड पुढे केव्हा तरी फोडायचे आहे, हे लिंपणाऱ्या बाईला ठाऊक असे. म्हणून तोंडाचे लिंपण अंगाच्या लिंपणापेक्षा हलक्या हाताचे. ते उकलताना कणगीची वीण तुटता कामा नये. आमच्या मते या एका गोष्टीत सगळी विद्या आली. बुजविणारी वस्तू ही बुजविलेल्या वस्तूपेक्षा दुबळी असावी. ताण आला तर तिने आधी हार मानावी, मूळ भिंतीने नव्हे.

सगळीच बुजवणी अशी दुबळी असावी असे मात्र कोणी समजू नये. याच परिसरात तिच्या नेमकी उलट बाजूची दोन उदाहरणे उभी आहेत. खोपोलीचा तलाव आणि त्याकाठचे महादेवाचे मंदिर नाना फडणीसांनी बांधविले. घाट चढण्यापूर्वी आणि उतरल्यावर वाटसरूला पाणी मिळावे ही त्यातली सोय. तलावाच्या दगडांचे सांधे दरसाल उकलून पुन्हा भरायचे म्हटले तर तलाव कसला राहील? दुसरे उदाहरण १९१५ सालचे. लोणावळ्याच्या बाजूला अडविलेले पाणी पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून नळांतून खाली खोपोलीला आणून टाटांनी वीज काढली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरविली. त्या नळांच्या सांध्यावर जो दाब येतो तेथे शेणमातीची आठवण काढणेही हास्यास्पद होईल. तात्पर्य, पाणी कायमचे आत कोंडायचे असेल तर सांधा कायमचा हवा. पाणी चार महिने बाहेर ठेवायचे असेल आणि आठ महिने हवा आत घ्यायची असेल तर सांधा उकलणारा हवा. एकाचे शास्त्र दुसऱ्याला लावले की घोटाळा होतो, आणि पुढे तो झालाच.

परंतु त्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे. फट बुजवावयाचा माल कोणाच्या मालकीचा? माती अंगणातली. शेण गोठ्यातले, ज्याला गोठा नाही त्याने मागून किंवा वेचून आणलेले. पण कारवी, पाने आणि गवत रानातले, आणि रान १८७८ च्या कायद्याने मोठ्या प्रमाणावर सरकारच्या ताब्यात गेले. आमच्या भागात त्याचा बोभाटा दोन कारणांनी झाला. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला, म्हणजे राबाला, टहाळ आणि पालापाचोळा लागे, आणि घराला काठी व छप्पर लागे. तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारने १८८५ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी जंगल कमिशन नेमले. कर्जत तालुका त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. कमिशनचा अहवाल १८८७ साली आला, सवलती आणि नियम यांची घालमेल चालू राहिली, पण रानात जाताना परवानगी मागावयाची हे तत्त्व कायम राहिले. पुढे २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेर येथे जंगल सत्याग्रहात पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात नाग्या महादू कातकरी हुतात्मा झाला. त्या सत्याग्रहाचा आपण स्वातंत्र्याच्या लढ्यात समावेश करतो आणि ते योग्यच आहे. मात्र ज्यांच्या घराची भिंतच रानातून येत होती त्यांच्या दृष्टीने जंगलाचा हक्क म्हणजे आगोटीपूर्वी घर झाकण्याचा हक्कही होता, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

आता शहराकडे वळू, कारण फटीचा विचार शास्त्राच्या आणि सरकारच्या दरबारात प्रथम गेला तो मुंबईत. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग प्रकट झाला. काळोखी, कोंदट आणि ओलसर खोली हे रोगाचे माहेरघर, अशी त्या वेळच्या डॉक्टरांची समजूत होती. म्हणून घरांना चुना फासण्यात आला, सामान बाहेर काढण्यात आले, आणि अनेक ठिकाणी कौले काढून छपराला भोके पाडण्यात आली, हेतू हा की ऊन आणि हवा आत यावी. जो माणूस वर्षानुवर्षे गळती बुजवीत आला त्याच्या डोक्यावरचे छप्पर सरकारी माणसांनी उघडावे, यात त्याला केवढा अपमान वाटला असेल! पुण्यात पुढल्या वर्षी तपासणीच्या जुलमाने काय प्रकार घडला तो सर्वांना ठाऊक आहे. पुढे संशोधन झाले. १८९८ साली सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदराच्या पिसवेकडे बोट दाखविले, आणि १९०५ पासून मुंबईत चाललेल्या चौकशीने ते म्हणणे पक्के केले. मग फटींचे दोन वर्ग पडले. उजेडाची आणि वाऱ्याची फट उघडी ठेवा, उंदराचे बीळ बुजवा. आमच्या कणगी लिंपणाऱ्या बाईला यातला अर्धा भाग पूर्वीच माहीत होता. मात्र उरलेला अर्धा, म्हणजे कोंडलेल्या हवेचा धोका, तिला पुरता कळला होता असे आम्ही म्हणणार नाही.

याच सुमारास बांधकामाचा माल बदलू लागला. बाझल मिशनने १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारी चपटी कौले कोकणपट्टीत पसरली. नळीची कौले माकडाच्या उडीनेही सरकत. मंगळुरी कौलांना खाचा असल्यामुळे त्यांची दरसालची परतणी कमी झाली. लोखंडी पन्हळी पत्रे रेल्वेने आले. १९१४ पासून पोरबंदरला सिमेंट होऊ लागले आणि हळूहळू ते गावागावांत पोचले. माणसाची दरसालची मेहनत वाचली, हा लाभ थोडा नव्हे. पण त्याबरोबर एक नवी खोडही आली. फट दिसली की तिच्यात सिमेंट भरायचे.

या खोडीचा धडा आम्ही स्वतः घेतला आहे. आमच्या जुन्या घराची पश्चिमेची भिंत मातीची. एका वर्षी खांब आणि भिंत यांच्यामधली चीर आम्ही घट्ट सिमेंटने भरून घेतली आणि आता जन्माची कटकट मिटली म्हणून निश्चिंत झालो. पावसाळ्यात माती ओल धरून फुगली, हिवाळ्यात आकसली. लाकूडही त्याचप्रमाणे हलले. सिमेंट मात्र जागचे हलेना. त्याच्या कडेने केसासारखी नवी फट पडली, तिच्यातून पाणी आत गेले आणि सिमेंटच्या पाठीमागे कोंडले. तिसऱ्या वर्षी सिमेंटचा पट्टा निखळून पडला, आणि पडताना आपल्याबरोबर घमेलेभर भिंत घेऊन गेला. शेणमाती भरली असती तर ती पडली असती, भिंत राहिली असती. दुबळ्या मालाची आमची उपपत्ती आम्हांला अशी रोख रकमेत मिळाली.

हे केवळ आमच्याच मुलखाचे शहाणपण आहे असा अभिमान धरण्याचे कारण नाही. अमेरिका-कॅनडासारख्या थंड देशांत आपली मुले आणि नातवंडे जाऊन राहिली आहेत, त्यांना विचारा. तेथे शत्रू पाऊस नसून हिवाळ्याचा बोचरा वारा आहे. खिडकीच्या चौकटीच्या फटीतून तो आत येतो आणि घर ऊबदार ठेवण्याचा खर्च वाढवतो. म्हणून शरद ऋतूत तेथील लोक खिडकीच्या कडेने एक तऱ्हेची मऊ लांबी भरतात. आपल्याकडे काच बसविताना खडूची पूड आणि जवसाचे तेल मळून केलेली लांबी वापरतात, ती वाळून दगडासारखी होते. ही लांबी वेगळी. काही प्रकार दोरीसारखा बोटाने दाबून बसवायचा, काही नळीतून पिळायचा. पण वसंत आला की कडेला धरून ओढले म्हणजे ती सालीसारखी सोलून निघते आणि खिडकी पुन्हा उघडते. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला तर ती फारच सोयीची, कारण चौकटीचा रंग बिघडत नाही. आमच्या झडी दसऱ्याला सुटतात, त्यांची लांबी वसंतात निघते. मुलूख निराळे, ऋतू उलटे, पण सूत्र तेच.

येथे टाळ्या घेऊन बसून जावे असा मोह होतो. पण इतिहास सांगणाऱ्याने आपल्या आवडत्या गोष्टीची दुसरी बाजू झाकू नये. लिंपण सुंदर दिसे हे खरे, पण दरसाल ते करणाऱ्या बाईच्या कमरेचे काय होई हे त्या अर्धगोल रेषा सांगत नाहीत. उन्हातान्हात माती आणायची, तुडवायची, शेणात तासन् तास हात घालायचे, आणि हे सगळे पेरणीची घाई तोंडावर आली असताना. घर पक्के व्हावे असे तिला वाटले तर त्यात आपण परंपरेचा ऱ्हास शोधू नये. दुसरे, चुलीचा धूर. कुडाच्या वरच्या फटीतून तो थोडा जाई, पुष्कळसा बाईच्या छातीत जाई. आणि पावसाळ्यात सगळी फट-झरोके बंद करून खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे हे तर प्राणघातक आहे. त्या वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. घर बंद करण्याची विद्या जो शिकेल त्याने ही गोष्ट सर्वांत आधी शिकावी.

तिसरी गोष्ट बोलताना जीभ जड होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्याच खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या अंगावरील इर्शाळवाडीवर डोंगराचा कडा कोसळला आणि ठाकरांची वस्ती गाडली गेली. त्या घरांनीही आगोटीपूर्वी लिंपण केले असेल, कौले परतली असतील. पाऊस कसा अडवायचा हे त्या माणसांना आपल्यापेक्षा अधिक कळत होते. पण फटी बुजवून पाऊस अडतो, डोंगर अडत नाही. घर कोठे बांधायचे, डोंगराखालच्या माणसाला सुरक्षित जागा कोण देणार, हा प्रश्न घरधन्याच्या हातातल्या घमेल्याने सुटणारा नाही, तो साऱ्या समाजाने सोडवावयाचा आहे. जुन्या विद्येचे गोडवे गाताना तिच्यावर तिच्या आवाक्याबाहेरचे ओझे आपण टाकू नये.

मग या जुन्या विद्येतून घ्यायचे काय? आज आपल्यापैकी पुष्कळांची घरे विटा-सिमेंटची आहेत, आणि बाजारात फट बुजविण्याच्या नळ्या व डबे ढिगाने मिळतात. ते जरूर वापरावेत. फक्त हात घालण्यापूर्वी दोन घटका थांबून त्या फटीला तीन जुने प्रश्न विचारावेत. ही फट पाण्याची आहे, वाऱ्याची आहे, की धुराची? ती बारा महिने बंद हवी की चार महिने? आणि जो माल आपण भरणार तो मूळ भिंतीपेक्षा कठीण तर नाही ना? दाराखालच्या फटीला कापडी गुंडाळी पुरत असेल तर तेथे सिमेंट कशाला? खिडकीच्या लाकडी चौकटीला सोलून निघणारी लांबी पुरत असेल तर ती जन्माची चिकटवून खिडकीच का गमवावी? न्हाणीघरातला आणि गच्चीवरचा सांधा मात्र पक्काच करावा. तेथे नानांच्या तलावाचे शास्त्र लागू आहे.

रोहिणी आता जवळ आल्या आहेत. आज रात्री घरी गेल्यावर आपल्या पश्चिमेच्या भिंतीजवळ दिवा घेऊन एक फेरी मारावी, फटीशी हात धरून वारा कोठून येतो ते पाहावे. बुजवावे तेवढे बुजवावे, आणि दिवाळीला काय उघडायचे आहे ते आजच मनाशी ठरवून ठेवावे.